न जळलेली दोन झाडं

तेजराम ठेकेदारानं माझ्या मायला फसवलं. सौद्यात मी खरा आकडा कधी आधी बोलत नाही. समोरच्याला बोलू देतो, त्याचा चेहरा वाचतो, मग तोंड उघडतो. इथं मला सौदा करायचा नाही, म्हणून शेवटी बोलायचं ते आधीच बोलून टाकलं. फसवणूक पैशांची असती तर केव्हाच वसूल करून मोकळा झालो असतो, तेवढी धमक माझ्यात पहिल्यापासून आहे. पण त्यानं मायचं चांगलं नाव घेतलं आणि त्या जागी दुसरं ठेवून दिलं. जंगल जाळणारी. पंधरा-सोळा उन्हाळे ती ते नाव घेऊन जगते आहे, आणि तेजराम ठेकेदार पांढरं धोतर नेसून लग्नाकार्यात पहिल्या रांगेत बसतो.

दर चैत्रात हे सगळं परत येतं. लाखांदूरच्या बाजारात माझं धान्याचं दुकान आहे. कोणाच्या मेहरबानीनं उभं केलेलं नाही. बापानं मागं ठेवल्या त्या धानाच्या चार बांध्या आणि तापट डोकं, बाकीचं मी मिळवलं. सकाळच्या एस.टी.तून बायका मोहफुलांच्या टोपल्या घेऊन उतरतात आणि दुकानाच्या पायरीवर टेकतात. आधी वास येतो, बायका मागून येतात. ज्यानं तो वास घेतला नाही त्याला सांगणं कठीण आहे. गोड असतो, पण त्या गोडात काहीतरी आंबूस, उबट असतं, गोठ्यात शिरताना गुरांच्या अंगाचा येतो तसं. दिवस मावळताना पलीकडच्या डोंगरावर आगीची बारीक रेघ उठते. दुरून ती सुंदर दिसते, कोणी अंधारात माळ ओढत नेत असल्यासारखी. लोक दुकानातून बाहेर येऊन पाहतात. मी पाहत नाही.

बायको म्हणते, "मोह पडू लागला. आता तुमचं डोकं फिरते. गिऱ्हाइकासंग नीट बोला म्हंजे झालं."

ती खरं बोलते. या दिवसांत मी कारण नसताना भांडतो. एरवी हसत सोडून दिलं असतं तिथं तराजू आपटतो. लोकांना वाटतं ऊन लागलं. लागलंय ते ऊनच, पण या वर्षीचं नाही.

आमचं गाव दिघोरीच्या पुढं, जंगलाला पाठ टेकून बसलेलं. पुढं तलाव आणि धानाच्या बांध्या, मागं डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी मोहाची झाडं. कोणतं झाड कोणत्या घराचं हे कुठं लिहिलेलं नाही, पण त्यात चूक होत नाही. सासूकडून सुनेकडे झाड येतं, जसं पाटा-वरवंटा येतो. मायकडे दोन आली होती. एकाला आम्ही थोरला म्हणायचो, दुसऱ्याला वाकडा. वाकडा खरंच वाकडा होता, म्हाताऱ्या माणसानं कमरेवर हात ठेवावा तसा.

फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळायचा ही आमच्याकडची रीत. फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात पडली तर शोधत बसावी लागतात, काळ्या राखेवर पडली तर पसरलेल्या लाह्यांसारखी दिसतात. बहुतेक घरं काडी लावायची आणि पाठ फिरवायची. माय तसं कधी करत नसे. ती आधी खराटा घ्यायची. झाडापासून पार लांब, बैलगाडी फिरून येईल एवढं मोठं गोल झाडून काढायची. त्या पट्ट्यात एक पान ठेवायची नाही, गवताची मुळंसुद्धा खुरप्यानं उपटायची. मग गोलाच्या आतल्या काठाला इस्तो लावायची, म्हणजे आग बाहेर न जाता झाडाकडे सरकत सरकत विझेल. बुडाशी आधीच ओली माती सारलेली असायची. हातात पळसाची हिरवी फांदी घेऊन ती तिथं बसून राहायची. राख हातानं चाचपून थंड झाली की उठायची. दुसऱ्या दिवशी अंग मोडून यायचं, पण झाडाबाबत तिनं कधी घाई केली नाही.

बायका हसायच्या. शेजारची कौतिका काकू एकदा म्हणाली, "सगुणा, तू झाडाले अंगन काढून देते का वो?"

माय म्हणाली, "येवढं देते ते झाड. त्याले अंगन तरी पायजे ना."

आज मी चांगल्या चांगल्या माणसांचे व्यवहार पाहतो. कागद पक्के असतात, शिक्के असतात. पण मायच्या त्या गोलाइतकं पक्कं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. हे मी मुलगा म्हणून सांगत नाही, माल पारखणारा माणूस म्हणून सांगतो.

तो मोठ्या दुष्काळाच्या पाठचा उन्हाळा होता. घराघरांत तांदूळ तळाला गेलेला आणि मोहाची फुलं उकडून, लाखोळीच्या डाळीत घालून लोक दिवस ढकलत होते. अशा वर्षी मोह म्हणजे हौस नव्हती, चूल होती. आणि गळतीच्या ऐन भरात डोंगर पेटला. दुपारी आधी आवाज आले, बांबू फुटल्याचे, कोणी बंदुकीचे बार काढावे तसे. मग उतारावरून धूर आला, आणि धुराच्या मागून ती आली. सगळं गाव हिरव्या फांद्या घेऊन धावलं. आगीला झोडपताना एका बाजूनं भुवया जळतात आणि पाठीला मात्र वारा गार लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी ती बांध्यांच्या काठाशी येऊन आपोआप बसली, कारण पुढं खायला काही उरलं नव्हतं.

सकाळी पायथ्याशी जाऊन पाहिलं तर सगळ्यांचे मोह काळे. खाली पडलेली फुलं जळून चिकट डाग झालेली, फांद्यांवरच्या कळ्या भाजलेल्या. आणि त्या काळ्यात दोन झाडं धडधाकट उभी. थोरला आणि वाकडा. त्यांच्याखाली त्याही पहाटे फुलं पडली होती.

मला आनंद झाला. मायला झाला नाही. ती दोन्ही झाडांकडे पाहत म्हणाली, "आता लोक मले सोडनार नाहीत."

ती माझ्यापेक्षा हुशार होती.

चार-पाच दिवसांनी जंगल खात्याचा माणूस आला. त्यानं मातामायच्या निंबाखाली गाव गोळा केलं. मातामाय म्हणजे आमची गावदेवी, शेंदूर लावलेले दगड आणि मातीचे घोडे, वर निंबाची सावली. त्या जागेची एक शिस्त आहे. तिथं जो जे बोलला ते त्यानं स्वतः मागं घ्यायचं नाही. बोलणं खोटं असेल तर ज्यानं ते बोलायला लावलं त्यानं तिथंच उभं राहून सोडवायचं. म्हणून तिथं लोक फार कमी बोलतात. तो माणूस म्हणाला, आग कोणी लावली ते परवाच्या संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर या गावातलं कोणीही जंगलात पाय ठेवणार नाही. ना मोहाला, ना सरपणाला.

तेजराम ठेकेदारही आला होता, फटफटीवर. डोंगराच्या पलीकडच्या जंगलात तेंदूपत्त्याचा ठेका त्याचा होता. आमच्या गावाशी त्याचं काही काम नव्हतं, तरी आला. पान चघळत, सगळ्यांना रामराम करत. सगळं ऐकून झाल्यावर शेवटी तो बोलला, "मी कोनाचं नाव घेत नाही. सगळ्याईचं जळलं, दोन झाडं उभी आहेत. ती कोनाची, ते गावाले मालूम."

मी उभा राहिलो. म्हणालो, वारा डोंगरावरून गावाकडे वाहतो, मग खालून लागलेली आग उलटी वर कशी जाईल.

"आग चढावर धावते बा," तो म्हणाला. "तू धान तोलते ना? तोलत राय."

लोक हसले, कारण मी तेव्हा बाजारात धान तोलायच्या कामाला होतो. मी त्याच्या अंगावर गेलो असतो, पण मायनं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं होतं. तेव्हा मी पाटलाला म्हणालो, मी उद्या हे जंगल या काठापासून त्या काठापर्यंत चालतो. आग कुठून सुटली ते डोळ्यानं पाहून येतो. तोवर माझ्या मायचं नाव कोणी घ्यायचं नाही. पाटील म्हणाला, ठीक आहे. ठेकेदार फक्त हसला आणि पानाची पिंक टाकली. त्या हसण्याचा भाव मला तेव्हा करता आला नाही.

लोक आजही विचारतात, एका दिवसात? एकटा? चैत्राच्या उन्हात? हो. एका दिवसात, एकटा, टायरच्या चपला घालून. पाण्याचा तुंबा, फडक्यात शिळ्या भाताचा गोळा, खिशात कांदा. एवढं बोलताना माझी छाती फुगते, आणि ती फुगू नये असं मला वाटत नाही. पुढं आयुष्यात मी बरंच काही केलं, पण स्वतःची पाठ थोपटायची तर मी तोच दिवस काढतो.

उजाडता उजाडता निघालो. आधी मायच्या झाडांशी गेलो. गोल तसंच होतं. आतली राख जुनी, करडी, दवानं बसलेली. बाहेरची राख काळी, ताजी, पाय ठेवला की उडणारी. मधला झाडलेला पट्टा कोरा, मातीच्या रंगाचा, खराट्याचे ओरखडे अजून दिसत होते. बाहेरून आलेली आग त्या पट्ट्यापर्यंत येऊन थांबली होती. तिथं अर्धवट जळलेल्या काड्यांची कडा होती, पुराचं पाणी ओसरल्यावर कचऱ्याची रेघ राहते तशी. मी कितीतरी वेळ त्या रेघेकडे पाहत होतो. गावानं जे पाप म्हणून दाखवलं, ते पुण्य होतं आणि ते जमिनीवर लिहिलेलं होतं. वाचायला फक्त वाकून पाहावं लागत होतं, आणि गावातलं कोणी वाकलं नव्हतं.

मग चढ. जळालेल्या जंगलात सावली नसते हे आधी लक्षात येत नाही. झाडं उभी असतात, त्यामुळे मन फसतं. खाली जाऊन उभं राहिलं की डोक्यावर ऊनच. खालून राख तापलेली, वरून सूर्य, आणि मध्ये आपण भाकरीसारखे. राख पायानं उडते आणि घशात बसते. थुंकी काळी येते. थोड्या वेळानं घामाचे ओघळसुद्धा काळे येऊ लागले आणि मला माझ्याच हातांची ओळख पटेना.

आवाज नव्हता. हे मला सर्वांत जास्त आठवतं. आमच्या जंगलात उन्हाळ्याच्या दुपारीही पाचोळा वाजत असतो, सरडा, घोरपड, रानकोंबडी, काहीतरी चाललेलंच असतं. तिथं माझ्या चपलांशिवाय काही वाजत नव्हतं. मधूनच आतून धुमसणारं एखादं साजाचं खोड कट्ट करून मोडायचं आणि मी दचकायचो. एका ठिकाणी मोठं झाड आडवं पडून पूर्ण जळून गेलं होतं. लाकूड उरलं नव्हतं, पण जमिनीवर त्याचा पांढऱ्या राखेचा आकार जसाच्या तसा होता, बुंधा, फांद्या, डहाळ्या, रांगोळी काढल्यासारखा. मी त्याला वळसा घालून गेलो. त्यावर पाय द्यायला मन झालं नाही.

जाता जाता झाडं पाहत होतो. चुलीवर ठेवलेलं गंज, पातेलं, आठवा. जाळ पुढून येतो, पण काजळी मागच्या अंगाला उंच चढते, कारण जाळ वळून मागं लपेटतो. झाडांचंही तसंच. वारा ज्या अंगानं येतो तिकडून काळं बुटकं असतं आणि विरुद्ध अंगाला उंच जातं. प्रत्येक झाडाच्या गावाकडच्या अंगाला काळं उंच चढलेलं होतं. चढावरही, माथ्यावरही, पलीकडच्या उतारावरही. एकही झाड उलटं बोललं नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा माझी खात्री पटलेली होती. परत फिरलो असतो तरी चाललं असतं. पण मी अर्ध्यावर पारख सोडणारा माणूस नाही. पोतं वरून चांगलं दिसलं म्हणून मी घेत नाही, तळापर्यंत हात घालतो.

माथ्यावरून दोन्हीकडचं दिसत होतं. आमच्या बाजूला तलाव नाण्याएवढा चमकत होता. त्या बाजूला नुसतं काळं, आणि काळ्याच्या शेवटी पुन्हा हिरवं. मी भाताचा गोळा खाल्ला. हात काळे होते म्हणून फडक्यातूनच तोंडाला लावला. त्या भाताची चव मला अजून कुठल्या पंगतीत मिळाली नाही. एकट्यानं एवढं वर बसून खाताना मला वाटलं, हे सगळं आता माझं आहे. मालकी म्हणून नाही, मी ते पायानं मोजलं म्हणून. तेव्हा मी पोरसवदा होतो, पण त्या दगडावरून उठलो तेव्हा कोणाच्याही डोळ्याला डोळा भिडवायची माझी भीती गेली होती. व्यापारी मी तिथं झालो, बाजारात नाही.

उतरताना पाणी संपलं. नाल्याच्या वाळूत हातानं खड्डा केला, झिरपून आलेलं गढूळ पाणी फडक्यातून गाळून प्यालो. काठावर सांबराची ताजी पावलं होती, राखेत उमटलेली. तोही तहानलेला इथंच आला होता. जगलेलं कोणीतरी आहे हे पाहून मला एवढा धीर आला की मी मोठ्यानं बोललो. काय बोललो ते आठवत नाही, बहुधा शिवीच दिली असेल.

आणि मग तेंदूची झुडपं लागली. तेंदूपत्ता चांगला यावा म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी झुडपं कापतात, त्याला खुटकटाई म्हणतात. कापलेल्या खुंटाला नवी कोवळी, मोठी पानं फुटतात. हे मजुरीचं, मेहनतीचं काम आहे. दुसरा एक चोरटा मार्ग आहे: न कापता पेटवून द्यायचं. आगीनंही नवी पानं फुटतात, आणि मजुरी वाचते. मी झुडपांमागून झुडपं पाहत गेलो. जळलेली काटकी बुडापासून शेंड्यापर्यंत अखंड. कोयत्याचा एकही तिरपा काप नाही. पूर्ण पट्ट्यात नाही. आणि बुडाशी, त्या काळ्यातून, तांबूस कोवळी पालवी वर येऊ पाहत होती. सुंदर होती. ती पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या पट्ट्याच्या शेवटी आग एका सरळ रेघेत सुरू झाली होती. पायवाटेला लागून. पायवाटेच्या अलीकडे काळं, पलीकडे हिरवं. आग अशी सरळ आपोआप सुरू होत नाही.

दिवस कलला तेव्हा पलीकडच्या गावात पोचलो. पहिल्याच अंगणात एक माणूस दोरी वळत बसला होता. बुधराम त्याचं नाव. मला पाहून त्यानं आधी पाणी आणलं, मग विचारलं.

"कोठून आले?"

"जंगलातून."

"जंगल कोठं आहे आता," तो म्हणाला, आणि दोरी बाजूला ठेवली.

त्याच्या बायकोनं आंबील दिली. ती पिता पिता मी सगळं सांगितलं. माझी माय, दोन झाडं, ठेकेदार. ठेकेदाराचं नाव ऐकताच बायको आत निघून गेली. बुधरामनं दोरी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाला, "पायवाटेनं आमीच लावली. चौघं होतो. खुटकटाई नोको, इस्तो लावा, म्हने. वारा निंगाला अना हातात नाही राहिली."

मी म्हणालो, हेच उद्या आमच्या मातामायसमोर येऊन सांग.

"तुमाले खरं सांगतलं. पन येनार नाही."

मी भाव करू लागलो. माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं पुढं ठेवलं. धान देतो, आमच्या गावात घर बांधून देतो, आयुष्यभर काम देतो. चिडलो, समजावलं, हातसुद्धा जोडले. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "मंग माझे पोट्टे या गावात कसे राहतीन?" माझ्या आयुष्यात न पटलेला तो एकच सौदा. आणि खरं सांगायचं तर बुधरामवर माझा राग नाही. त्यानं मला पाणी दिलं आणि खरं दिलं. तेजराम ठेकेदारानं आजवर कोणाला दोन्हीपैकी एक दिलेलं मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी फिरून फिरून एस.टी.नं दिघोरीला उतरलो. पाय सुजलेले, अंगाला धुराचा वास, पण मान ताठ. माझ्याजवळ पुरावा होता, सगळं जंगल माझ्या बाजूनं बोललं होतं. थांब्यावर कौतिका काकू भेटली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. म्हणाली, "कायले गेला रे बाप्पा? तुझ्या मायनं काल कबूल केलं."

मी जंगलात असताना ठेकेदार आमच्या घरी गेला होता. माय नंतर ते कधी पूर्ण सांगत नसे, तुकड्या तुकड्यांत सांगायची, तांदूळ निवडताना, वाकळ शिवताना. त्यानं तिला सांगितलं, तुझा पोरगा तापट आहे, पलीकडे माझी माणसं आहेत, कोणाशी भिडला तर काही खरं नाही. मुदतीत नाव दिलं नाही तर गावाचं जंगल बंद होईल, दुष्काळाचे दिवस आहेत, लोक काय खातील. आणि मग त्यानं तिच्या पायरीवर बसून शब्द दिला: "बाई, आज तुमी म्हना. उद्या मी येतो. मातामायसमोर सांगतो का बाईचं काही नाही, बाईनं गावासाठी आंगावर घेतलं."

माय गेली. निंबाखाली उभी राहिली. म्हणाली, आग माझ्या झाडाखालून गेली. गावाचं जंगल उघडं राहिलं. त्या वर्षी उरल्यासुरल्या मोहावर गावानं दिवस काढले, ते तिच्या त्या एका वाक्यावर. तिच्यावर कोणी मेहरबानी केली नाही. गावानं थोरला आणि वाकडा दोन दुसऱ्या घरांना दिले. बायका पहाटे मोहाला जाताना तिला हाक मारेनाशा झाल्या. तिनं तक्रार केली नाही. तिचा विश्वास होता की उद्या तो येईल.

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, त्या वर्षी नाही.

मी गावाला सगळं सांगितलं. गोल, काजळी, न कापलेला तेंदू, पायवाट. पाटील म्हणाला, तू म्हणतो ते खरं असेलही, पण तुझी माय स्वतः बोलली. मी मायला म्हणालो, चल, आत्ता चल, सांग की मी खोटं बोलले. ती नाही म्हणाली. मातामायपुढं बोललेलं मी कसं मागं घेऊ, ज्यानं बोलायला लावलं त्यानं सोडवावं, ही शिस्त आहे. मी ओरडलो, भांडी आपटली. ती चुलीपुढून हलली नाही. मला तेव्हा ती अडाणी वाटली. आता वाटतं, शब्द म्हणजे काय ते या सगळ्या भानगडीत एकट्या तिलाच कळत होतं. तिनं आपला पाळला.

पत्ता तोडणीच्या दिवसांत मी ठेकेदाराला गाठला. तो पत्त्याच्या गड्ड्यांमध्ये खाटेवर बसला होता. मोठी मोठी निबर पानं, त्याच पालवीची. मी विचारलं, तुमचा उद्या कधी येणार. तो म्हणाला, "तुझ्या मायनंच सांगतलं ना बा मातामायसमोर. मी काहून बोलू मधात?" मी त्याची कॉलर धरली. त्याच्या माणसांनी मला बाहेर काढलं. कॉलर धरल्याचा मला अभिमान आहे, सोडावी लागली याचा नाही.

लोक मला सांगतात की मी त्या दिवशी गेलो नसतो तर माय एकटी सापडली नसती. मी हे मान्य करत नाही. मी गेलो म्हणून आज कोणाला तरी माहीत आहे की आग कुठून सुटली. माय तरी मला तसं कधी म्हणाली नाही. उलट मी परत आलो त्या संध्याकाळी तिनं माझे पाय कोमट पाण्यानं धुतले, आणि भांड्यातलं पाणी काळंभोर होत गेलं तेव्हा हळूच विचारलं, "माथ्यावरून आपले झाडं दिसले का?"

दिसली नव्हती. एवढ्या उंचावरून झाडं ओळखू येत नाहीत. मी म्हणालो, दिसली, दोन्ही दिसली. ती हसली. एवढं एक खोटं मी तिला दिलेलं आहे आणि ते मी कधी मागं घेणार नाही.

डोंगर नंतर हिरवा झाला. जंगल माणसांसारखं मनात ठेवत नाही. मी लाखांदूरला आलो, दुकान टाकलं, वाढवलं. मायला किती वेळा म्हटलं माझ्याकडे ये. ती येते, चार दिवस राहते, परत जाते. अजून गावात राहते, एकटी, मागच्या दारानं डोंगर दिसतो त्या घरात. जंगलात तिनं त्यानंतर पाय टाकला नाही. पण मोहाचे दिवस आले की पहाटे उठते, खराटा घेते आणि अंगण झाडते. घरापुढचं झाडून झालं की मागचं झाडते. मग दिंडीदरवाज्याबाहेर, गल्लीपर्यंत. एक पान ठेवत नाही. गल्लीतली पोरं हसतात. मी पाहिलं आहे, ती गोल झाडते. आता तिची कंबर वाकड्यासारखी झाली आहे, आणि या चैत्रात मी गेलो तेव्हा खराटा भिंतीला टेकवून ती मध्येच बसली होती, श्वास घेत.

म्हणून या वर्षी लिहितो आहे. बोलून झालं, भांडून झालं, आता लिहून ठेवतो.

तेजराम ठेकेदार अजून हयात आहे. ठेका सोडून त्याला बरीच वर्षं झाली. भंडाऱ्याला पोराकडे राहतो, देवळात पंखा बसवून दिला म्हणून त्याचा सत्कारही झाला म्हणतात. मला त्याच्याकडून काही नको. जळलेलं जंगल नको, झाडं नकोत, माफीसुद्धा नको. माझ्यासारख्या माणसानं असं म्हणणं म्हणजे काय ते त्याच्यासारख्याला कळेल. मी जन्मभर भाव केला, इथं करत नाही. घट नाही, सूट नाही, थोडं तुमचं थोडं माझं नाही. भंडाऱ्याहून एस.टी. निघते. लाखांदूरला मी उभा असेन, तिथून गावापर्यंत मी नेईन, हाताला धरून नेईन, आवाज चढवणार नाही.

ठेकेदारसाहेब, तुम्ही माझ्या मायच्या पायरीवर बसून उद्या येतो म्हणाला होता. मातामायच्या निंबाखाली उभे राहा आणि आग कुठून आली ते सांगा. ती अजून वाट पाहून राहिली आहे, आणि तिनं जागा झाडून ठेवली आहे.